आईची वाटी, ताईचा कप

एक कप मैदा म्हणजे नक्की किती? उत्तर सोपं वाटत असेल, तर तुमचा केक अजून दगडासारखा झालेला नाही, एवढंच!

आमच्या ऑफिसात महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी पॉटलक असतं. नावालाच पॉटलक. निम्मं पब्लिक येताना कोपऱ्यावरून सामोसे उचलतं आणि मोकळं होतं. गेल्या जूनमध्ये मला हुक्की आली, की आपण घरी काहीतरी करून न्यायचं. ब्राउनी! रेसिपी अमेरिकन, लाइक्स लाखात, आणि साहित्य अगदी सुटसुटीत. सव्वा कप मैदा, दोन कप साखर, दोन स्टिक बटर, चार अंडी, कोको वगैरे. कप? घरात होता की. कंपनीनंच दिवाळीला दिलेला, लोगोवाला कॉफी मग.

शुक्रवारी डबा उघडला. टीममधल्या एकानं तुकडा उचलला, टेबलावर दोनदा ठोकून बघितला आणि अत्यंत शांतपणे विचारलं, "हे खायचं आहे, की डेस्कवर ठेवायचं?"

नंतर दोन दिवस माझं नाव 'पेपरवेट' होतं. असो.

पण इंजिनीअर माणूस गप्प बसत नाही. बग सापडेपर्यंत झोप लागत नाही. एका पिझ्झाच्या किमतीत स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घेतला आणि पहिलं काम काय केलं, तर त्या मगात काठोकाठ पाणी भरून त्याचं वजन केलं. पाण्याचं बरं असतं. एक मिलीलिटर म्हणजे एक ग्रॅम, गणित संपलं. मगात पाणी मावलं ३३० ग्रॅम, म्हणजे ३३० मिली. अमेरिकेतल्या ज्या बाईंनी ती रेसिपी लिहिली, त्यांचा कप २३७ मिलीचा. म्हणजे मैदा आणि साखर मी जवळजवळ दीडपट टाकली होती. बटर मात्र दोन स्टिक म्हणजे शंभर ग्रॅमची दोन पाकिटं. अमेरिकन स्टिक ११३ ग्रॅमची असते, हे तेव्हा कुठे माहीत होतं? थोडक्यात, सुकं सगळं जास्त, बटर कमी आणि अंडी जेवढ्यास तेवढी. पेपरवेट नाहीतर काय होणार!

कप खरा, तरी मैदा खोटा

मग रीतसर मेजरिंग कपचा सेट आणला. २४० मिलीचा. म्हटलं, आता प्रश्नच मिटला. सहज म्हणून एकाच डब्यातला मैदा एकाच कपानं चार वेळा मोजला. पहिल्यांदा चाळणीतून थेट कपात पाडला आणि वरून सुरी फिरवली : १०५ ग्रॅम. दुसऱ्यांदा चमच्यानं अलगद भरला : १२०. तिसऱ्यांदा कप सरळ डब्यात खुपसला : १४३. चौथ्यांदा भरताना ओट्यावर चार वेळा आपटला : १६२!

कप तोच, मैदा तोच, मोजणारा तोच आणि फरक ५७ ग्रॅमचा. म्हणजे दीडपटीहून जास्त.

कारण साधं आहे. मैद्याच्या कणांमध्ये हवा असते. चाळला की हवा वाढते, दाबला की निघून जाते. कप मोजतो जागा, आणि त्या जागेत मैदा किती आणि हवा किती, हे कपाला कळत नाही. साखरेच्या दाण्यांचं तसं नाही, ते फारसे दबत नाहीत. दुधा-तेलाचा तर प्रश्नच नाही. घोळ घालतात ती पिठं, कोको, पिठीसाखर ही मंडळी.

यात आणखी एक गंमत आहे. 'एक कप चाळलेला मैदा' आणि 'एक कप मैदा, चाळून' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत! पहिल्यात आधी चाळायचं आणि मग मोजायचं, दुसऱ्यात आधी मोजायचं. फरक वीस-पंचवीस ग्रॅमचा सहज पडतो. एवढ्याशा शब्दांच्या उलटापालटीत केकचा जाळीदारपणा जातो, हे शाळेत व्याकरण शिकवताना कोणी सांगितलं नाही.

तज्ज्ञांचं तरी एकमत असेल? तेही नाही. अमेरिकेतली 'किंग आर्थर' ही पिठाची कंपनी आपल्या तक्त्यात एक कप मैदा १२० ग्रॅम धरते. 'अमेरिकाज टेस्ट किचन' धरतं ५ औंस, म्हणजे १४२ ग्रॅम. चूक कोणाचीच नाही. एक जण चमच्यानं भरतो, दुसरा कप डब्यात बुडवतो. आपण मात्र एकाची रेसिपी दुसऱ्याच्या तक्त्यानं करायला जातो आणि मग ओव्हनला शिव्या घालतो.

शिवाय कपसुद्धा देशोदेशी वेगळा. ऑस्ट्रेलियाचा २५० मिलीचा, जपानचा २०० चा. आपल्या दुकानांतल्या सेटवर कुठे २४० छापलेलं असतं, कुठे २५०. मोठा चमचा आपण १५ मिलीचा धरतो, ऑस्ट्रेलियात तो २० चा.

एवढं सगळं कळल्यावर मी ऑफिसात पुन्हा ब्राउनी नेल्या. ग्रॅममध्ये मोजलेल्या. पाच मिनिटांत डबा रिकामा. माझ्या दृष्टीनं विषय संपला होता. पण खरी परीक्षा जानेवारीत आली.

ताईचा फोन

माझी ताई न्यू जर्सीत असते. फेब्रुवारीत तिच्या मुलाचा, म्हणजे माझ्या भाच्याचा, पहिला वाढदिवस होता. आईचं तिकीट काढून झालं होतं. तेवढ्यात बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि तिकीट रद्द करावं लागलं. आई काही बोलली नाही. ताईही "ठीक आहे गं, बाबा महत्त्वाचे" म्हणाली.

आता आमच्या घरात वाढदिवस म्हणजे आईचा केक. क्रीम नाही, आयसिंग नाही. साधा तुपातला व्हॅनिला केक, गोल अ‍ॅल्युमिनियमच्या ओव्हनमधला. झाकणाला काचेची खिडकी असलेला तो ओव्हन ज्यांच्या घरी होता, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. त्या खिडकीला नाक लावून आम्ही दोघं केक फुगताना बघायचो.

ताईनं आईच्या वहीतल्या पानाचा फोटो मागवला होता. त्यावर आईच्या अक्षरात असं : '२ वाट्या मैदा, सव्वा वाटी साखर दळून, पाऊण वाटी तूप, ३ अंडी, बे. पा. दीड चमचा, दूध लागेल तसं.' ताईनं वाटीच्या जागी कप घेतला आणि ट्रायल म्हणून केक करून बघितला. एकदा बिघडला. दुसऱ्यांदा बिघडला. रविवारी सकाळी तिचा फोन आला.

"अरे, कोरडा ठक्क होतोय. आणि गोडही नाही. आईच्या केकसारखं काहीच नाही त्यात." मग थोडं थांबून म्हणाली, "आई येत नाही तर निदान केक तरी तिचा असेल, असं वाटलं होतं."

मी म्हटलं, थांब. मला दोन आठवडे दे.

काटा निघाला साताऱ्याला

पुढच्या शनिवारी वजनकाटा सॅकमध्ये टाकला आणि एसटीनं साताऱ्याला घरी गेलो. आईला म्हटलं, "आई, तू नेहमीसारखा केक कर. मी मधे मधे फक्त वजन करणार."

"वजन? माझं स्वयंपाकघर आहे का किराणा मालाचं दुकान?"

"अगं, ताईसाठी."

मग ती काही बोलली नाही. मांडणीवरची वाटी काढली. तीच, काठाला किंचित चेपलेली, जिच्यात आम्ही लहानपणी वरण खाल्लं. मी आधी पाणी भरून तिचं वजन केलं. १५२ ग्रॅम. म्हणजे आईची वाटी १५२ मिलीची आणि ताईचा कप २३७ मिलीचा!

इथे तुम्ही म्हणाल, त्यात काय? सगळंच कपानं मोजलं तर प्रमाण तेच राहील, केक फक्त मोठा होईल. बरोबर. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण अंडी वाटीनं मोजत नाहीत ना! ताईचा मैदा दीडपट झाला आणि अंडी तीनच राहिली. बेकिंग पावडरही दीडच चमचा. जोवर सगळी मापं एकाच भांड्याची असतात, तोवर भांडं कुठलंही चालतं. त्यात अंडं, चमचा, डबा, पाकीट असं काही शिरलं, की भांड्याचा आकार आडवा येतो.

आईनं मैद्याच्या डब्यात वाटी बुडवली, ओट्यावर टक्-टक् आपटली आणि तळव्यानं वरचा ढीग सारला. मी वाटी काट्यावर ठेवली. वाटीचं वजन वजा करून ९५ ग्रॅम. लक्षात घ्या, मी पुण्यात बसून तक्त्यावरून हिशोब केला असता, तर १५२ मिलीला ७६ ग्रॅम आले असते. आईची ती टक्-टक् कुठल्याच तक्त्यात नाही. ती वहीतही नव्हती. "हे आपटायचं लिहिलं का नाहीस?" मी विचारलं. "त्यात काय लिहायचं? सगळेच आपटतात," आई म्हणाली.

मग साखर. आईनं सव्वा वाटी साखर मोजली आणि *मग* मिक्सरमध्ये दळली. वजन १६० ग्रॅम. ताईनं काय केलं होतं, तर सव्वा कप तयार पिठीसाखर घेतली होती. कपभर दाणेदार साखर २०० ग्रॅम भरते, पिठीसाखर जेमतेम ११५ ते १२०. त्यात अमेरिकेतल्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडं कॉर्नस्टार्चही असतं. मैदा जवळजवळ दीडपट आणि साखर उलट कमी. गोड लागणार कसा?

तूप थंडीनं थिजलेलं होतं. पाऊण वाटी म्हणजे १०५ ग्रॅम. तीन अंडी फोडून १२६ ग्रॅम. अमेरिकेतलं 'लार्ज' अंडं कवच काढून साधारण ५० ग्रॅम असतं, आईची सरासरी ४२ पडली.

राहिलं दूध, 'लागेल तसं'. आता 'लागेल तसं'चं वजन कसं करायचं? ही युक्ती मात्र लिहून ठेवा. दुधाचं भांडं आधी काट्यावर ठेवलं आणि आकडा टिपला. आईला म्हटलं, हवं तेवढं ओत. तिनं पळीवरून मिश्रण पडताना बघत दोनदा धार सोडली, मान डोलावली आणि भांडं परत ठेवलं. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा. ७५ ग्रॅम.

बाहेरच्या खोलीत पाय उशीवर ठेवून बसलेले बाबा हे सगळं ऐकत होते. तिथूनच त्यांनी पाढा म्हटला : "दोन निळवी म्हणजे कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली! माझ्या आजोबांच्या खळ्यावर धान्य असं मोजायचे. आणि माप शिगेचं का सपाट, यावरून भांडणं व्हायची." शीग म्हणजे मापाच्या काठावर चढणारा ढीग. उत्साह 'शिगेला' पोचतो म्हणतो ना, ती हीच.

म्हणजे माझी मैद्याची भानगड शंभर वर्षांपूर्वीच्या खळ्यावरही होतीच. अमेरिकेतही होती. जुन्या पाककृतींत तिकडे 'अंड्याएवढं लोणी' असायचं, आपल्याकडे अजूनही 'लिंबाएवढी चिंच' आणि 'पेरभर आलं' असतं. बॉस्टनच्या फॅनी फार्मरबाईंनी १८९६ साली 'बॉस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक' लिहिलं, त्यात कप आणि चमचे सुरीनं सपाट करून मोजायचा आग्रह धरला. अमेरिकेची कपाची सवय त्यातून पक्की झाली. शिगेचं भांडण त्यांनी मिटवलं, पण आतल्या हवेचं राहूनच गेलं. आपल्या देशात मेट्रिक वजनं १ ऑक्टोबर १९५८ पासून लागू व्हायला लागली. किराणा किलोवर गेला, स्वयंपाकघर मात्र वाटीवरच राहिलं. भाजी-आमटीला त्यानं काही बिघडत नाही, कारण चव बघून मीठ घालता येतं. केक एकदा ओव्हनमध्ये गेला, की मधेच झाकण उघडून दोन चमचे मैदा कमी करता येत नाही.

रविवारी आईला पुन्हा एकदा तोच केक करायला लावला. मैदा, पहिल्या दिवशी दोन वाट्या मिळून १९०. दुसऱ्या दिवशी १९३. साखर १६० आणि १५८. मी आकडे बघतच राहिलो. इतकी वर्षं आई 'अंदाजानं' करते असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. तिचा अंदाज तीन ग्रॅमच्या आत होता! तिचा हात कधीच चुकत नव्हता. कागदावर तो उतरला नव्हता, एवढंच.

तुमच्या वाटीचं गणित

तुम्हालाही घरातली एखादी वही अशी ग्रॅममध्ये आणायची असेल, किंवा परदेशी रेसिपी करून बघायची असेल, तर हे कापून फ्रिजवर लावा.

२४० मिलीच्या कपाची साधारण वजनं अशी :

• मैदा, चमच्यानं भरलेला : १२० ग्रॅम
• साखर, दाणेदार : २०० ग्रॅम
• पिठीसाखर : ११५ ते १२० ग्रॅम
• ब्राउन शुगर, दाबून : २१५ ग्रॅम
• बटर : २२७ ग्रॅम (म्हणजे दोन अमेरिकन स्टिक)
• पातळ तूप किंवा तेल : २१५ ते २२० ग्रॅम
• दूध : २४५ ग्रॅम
• कोको : ८५ ग्रॅम
• मध : ३४० ग्रॅम

स्वतःच्या वाटीसाठी : वाटीभर पाण्याचं वजन भागिले २४०, गुणिले वरचा आकडा. पण पिठांच्या बाबतीत हा फक्त अंदाज. वाटी भरणारी व्यक्ती समोर असेल, तर तिनं भरलेली वाटीच काट्यावर ठेवा.

काट्यावर रिकामं भांडं ठेवून 'टेअर'चं बटण दाबलं, की आकडा शून्य होतो. मग त्याच भांड्यात एकेक जिन्नस घालत जायचं आणि दर वेळी शून्य करायचं. कप धुवायला नकोत, वाट्या नकोत. ऑफिसातून दमून आलेल्या माणसाला याहून मोठं आमिष काय दाखवायचं?

सोडा, बेकिंग पावडर, मीठ मात्र मापाच्या चमच्यानंच, सपाट करून घ्या. घरगुती काटा दोन-चार ग्रॅमला गडबडू शकतो. आणि चमचाभर सोडा नि चमचाभर बेकिंग पावडर एकमेकांच्या जागी चालत नाहीत, वजन काहीही असो.

केक दीडपट करायचा आहे आणि अंडी साडेचार येतायत? पाच फोडा, फेटा आणि हवी तेवढी वजनानं घ्या. उरलेल्याचं ऑम्लेट.

शनिवार, रात्री आठ

ताईला मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाच ओळी पाठवल्या. मैदा १९०, साखर १६० (दाणेदार मोजून मग दळ), तूप १०५, फेटलेली अंडी १२६, दूध ७५. बेकिंग पावडर दीड टीस्पून सपाट. ओव्हन ३५० फॅरनहाइट, म्हणजे आपलं १७५ सेल्सियस. 'काटा घे आणि औंसवरून ग्रॅमवर कर,' असंही बजावलं.

वाढदिवसाच्या दिवशी आपल्याकडे रात्रीचे आठ, तिच्याकडे सकाळचे साडेनऊ. मी साताऱ्यातच होतो. आई, बाबा आणि मी फोन मधे ठेवून बसलेलो. ताईनं ओव्हनच्या काचेसमोर कॅमेरा धरला. केक फुगत होता. भाचा काचेकडे बोट दाखवून काहीतरी ओरडत होता. आई एक शब्द बोलत नव्हती.

केक निघाला, निवला. ताईनं कडेचा तुकडा तोडला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले. आम्ही तिघंही श्वास रोखून.

"काय गं?" शेवटी आईनंच विचारलं.

"चव तीच आहे," ताई म्हणाली. मग जरा अपराधी आवाजात, "पण आई, खालून थोडा लागलाय."

आईचा चेहरा एकदम फुलला. "मग अगदी बरोबर झालाय! तुमच्या प्रत्येक वाढदिवसाला खालून लागायचाच. मी तळ सुरीनं खरवडून तुम्हाला द्यायचे, आठवत नाही?"